चोच उघडी आहे, की आवाज येतोय?

२५ जुलै २०१९ हा दिवस नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. त्या दुपारी खिल्झे-रायेनच्या हवामान केंद्रावर ४०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. या देशात पारा ४० च्या वर गेल्याची ही पहिलीच नोंद. त्या आठवड्यापर्यंतचा विक्रम ३८.६ अंशांचा होता, तोही १९४४ सालचा, म्हणजे जवळजवळ ७५ वर्षं टिकलेला. मी तेव्हा टिलबर्गला राहत होते, त्या केंद्रापासून अगदी जवळ. नागपूरच्या मैत्रिणीला फोटो पाठवला तर तिनं हसण्याच्या तीन बाहुल्या पाठवल्या. "४० ला तुम्ही बातमी करता?"

तिला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण मी शेजारच्या आजोबांच्या ढाबळीत होते आणि समोर चाळीस कबुतरं चोची उघड्या टाकून बसली होती.

आजोबा म्हणजे आमचे पलीकडचे शेजारी. वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त सुतार आणि अट्टल कबुतरवाले. डच भाषेत शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्याला 'डाउवनमेल्कर' म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर कबुतरांचं दूध काढणारा! (कबुतरांना खरंच एक प्रकारचं दूध असतं. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून ते तयार होतं आणि पिल्लांना भरवलं जातं. पण ते पुन्हा कधीतरी.) आजोबा नातवंडांना घेऊन आठवडाभर झेलंडच्या समुद्रकिनारी गेले होते आणि ढाबळीची किल्ली माझ्याकडे होती. काम सोपं होतं: सकाळी दाणे, दोन वेळा पाणी, खालचं खरवडून काढायचं. मागच्या अंगणातली लाकडी खोली, वर काळ्या डांबरी पत्र्याचं छप्पर.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास मी आत गेले तेव्हा भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. सगळ्या कबुतरांच्या चोची उघड्या, पंख अंगापासून थोडे सुटे धरलेले, आणि गळ्याखालची कातडी इतक्या वेगानं थरथरत होती की डोळ्यांना ती धूसरच दिसत होती. मी घाबरून आजोबांना फोन लावला. मला वाटलं ते विचारतील पाणी आहे का, दार उघडलंस का. त्यांनी आधी हे विचारलं:

"चोच उघडी आहे, की आवाज येतोय?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? धापा टाकताहेत सगळी."

"ते दिसतंय तुला. मी विचारतोय, ऐकू काय येतंय? रेडिओ बंद कर आणि ऐक."

ढाबळीत त्यांचा एक जुना रेडिओ दिवसभर चालू असतो. तो बंद केला. आणि खरंच, चाळीस पक्षी मिनिटाला शेकडो वेळा श्वास घेत होते आणि खोली जवळजवळ निःशब्द होती. फक्त खालच्या कोपऱ्यातून एक आवाज येत होता. घर्र... टक्, घर्र... टक्. एक निळी मादी मान पुढे ताणून बसली होती आणि प्रत्येक श्वासाला तिची शेपटी खालीवर होत होती.

तो आवाज मी आधी ऐकला होता. मंगळवारी, दोन दिवसांपूर्वी. ती घुमतेय असं समजून मी दार लावून घरी आले होते.

या लेखात आजोबांच्या त्या एका प्रश्नामागचं विज्ञान सांगते. मी पक्षीशास्त्रज्ञ नाही. माझं संशोधन नळ्यांमधून वाहणाऱ्या द्रव आणि वायूंवर आहे. पण हा प्रश्न नेमका नळ्यांचा आहे, म्हणून नंतर मी त्याच्या मागेच लागले.

आधी श्वास

आपण श्वास घेतो म्हणजे काय करतो? छातीखालचं श्वासपटल खाली ओढतो, फुप्फुसं फुग्यासारखी फुगतात आणि हवा ज्या रस्त्यानं आत आली त्याच रस्त्यानं बाहेर जाते. कबुतराचं सगळंच वेगळं. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नाही, आणि त्याची फुप्फुसं फुगतही नाहीत. ती पाठीच्या बरगड्यांना चिकटलेली, लहान आणि बरीचशी ताठ असतात. फुगण्याचं काम करतात त्यांना जोडलेल्या पातळ हवेच्या पिशव्या. कबुतराला अशा नऊ असतात, मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या, काही तर हाडांच्या पोकळीत शिरलेल्या. जॉन हंटर या शल्यविशारदानं १७७४ मध्ये दाखवून दिलं होतं की पक्ष्याची श्वासनलिका बांधून टाकली आणि पंखाचं हाड कापलं, तरी तो त्या हाडातून श्वास घेऊ शकतो. (आज असा प्रयोग करायला कोणती नैतिकता समिती परवानगी देईल, हा वेगळा प्रश्न!)

पिशव्या भात्यासारखं काम करतात. आत घेतलेली हवा आधी बरीचशी मागच्या पिशव्यांत जाते, तिथून फुप्फुसात, मग पुढच्या पिशव्यांत, आणि मग बाहेर. म्हणजे हवेच्या एका घासाला पूर्ण फेरी मारायला दोन श्वास लागतात, आणि फुप्फुसातून हवा नेहमी एकाच दिशेनं वाहते. हवेतला प्राणवायू खेचून घेण्याच्या बाबतीत ही रचना आपल्यापेक्षा सरस आहे.

यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते, ती इथेच सांगून टाकते. हा भाता चालतो तो छातीचं हाड पुढेमागे हलल्यामुळे. घाबरलेलं कबुतर आपण दोन्ही हातांनी छातीभोवती घट्ट धरलं तर त्याचं नाक मोकळं असूनही ते गुदमरू शकतं. कबुतर धरायचं ते खालून तळव्यावर, पाय बोटांमध्ये आणि पंख अंगठ्यानं हलकेच दाबून. छाती मोकळी हवी.

मग उष्णता

कबुतराचं शरीर नेहमीच गरम असतं, ४१ ते ४२ अंश. आपल्याला हा चढा ताप वाटेल. शरीर गरम असण्याचा फायदा असा की ३५ अंशांची हवासुद्धा त्याच्या दृष्टीनं 'गार' असते आणि शरीरातली उष्णता आपोआप बाहेर वाहते. पण त्या दिवशी बाहेर ४०.७ अंश होते. ढाबळीत नक्कीच जास्त. म्हणजे कबुतर आणि हवा यांच्यातला फरक संपला होता, किंवा उलटा झाला होता. अशा वेळी उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो: पाण्याची वाफ करणं.

आणि कबुतराला घामाच्या ग्रंथी नाहीत. मग ते घशातल्या आणि श्वासमार्गातल्या ओल्या अस्तरावरून हवा खेळवतं. त्या उघड्या चोचीचा आणि थरथरणाऱ्या गळ्याचा अर्थ इतकाच. एरवी मिनिटाला तीसेक श्वास घेणारं कबुतर धापा टाकताना सहाशेच्या घरात जातं. सेकंदाला दहा! ड्यूक विद्यापीठातल्या कॅल्डर आणि श्मिट-नील्सन यांनी १९६६ मध्ये यावर एक सुंदर शोधनिबंध लिहिला. त्यांच्यापुढचा पेच असा होता: इतकी हवा आतबाहेर केली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाहून जाईल, रक्त अल्कधर्मी होईल, आणि पक्षी वेगळ्याच कारणानं मरेल. त्यांच्या कबुतरांच्या रक्तात ते होताना दिसलंही. पुढच्या संशोधनात कळलं की कबुतर यावर एक युक्ती करतं. धापा अतिशय उथळ असतात, वरच्या मार्गातली हवाच पुढेमागे हलवणाऱ्या, आणि मधूनमधून एक संथ खोल श्वास येतो, खऱ्या श्वासोच्छ्वासासाठी. दोन वेगळे ताल एकावर एक, जणू एका हातानं पंखा आणि दुसऱ्या हातानं भाता.

किती पाणी लागतं याचा हिशेब पाकिटाच्या मागे मांडण्यासारखा आहे. शांत बसलेलं चारशे ग्रॅमचं कबुतर साधारण २ वॅट उष्णता तयार करतं. तासाला ७ किलोजूलच्या थोडं वर. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ किलोजूल लागतात. म्हणजे हवेला काहीच उष्णता देता येत नसेल तर तासाला ३ ग्रॅम पाणी नुसतं शरीराची स्वतःची उष्णता काढायला. बाहेरून येणारी उष्णता वेगळी, घाबरल्यामुळे वाढणारी वेगळी. सहा तासांच्या दुपारी हे कमीत कमी १८ ग्रॅम झालं, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जवळपास साडेचार टक्के. साठ किलोच्या माणसाच्या भाषेत पावणेतीन लिटर. दुपारी भांडं कोरडं पडलं तर काय होईल ते यावरून कळेल.

आता हाच हिशेब शर्यतीच्या ट्रकला लावून पाहा. इथे दर उन्हाळ्यात हजारो कबुतरं मोठ्या वाहनांतून फ्रान्स-स्पेनमध्ये नेऊन सोडली जातात. बार्सिलोनाची शर्यत तर हजार किलोमीटरच्या वरची. एका वाहनात पाच हजार पक्षी धरले तर ती १० किलोवॅट उष्णता झाली. स्वयंपाकघरातल्या पाच विजेच्या किटल्या सतत चालू, बंद खोलीत. आणि ती सगळी वाफेच्या रूपानं बाहेर पडायची तर तासाला १५ लिटर पाणी त्याच हवेत मिसळणार. हवा दमट झाली की वाफ होणं मंदावतं, म्हणून पक्षी आणखी धापा टाकतात, म्हणून हवा आणखी दमट होते. ट्रकमध्ये खेळती हवा हवी ती प्राणवायूपेक्षा या ओलाव्यासाठी. वाखेनिंगनच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात गरम हवेत वाहतूक होणाऱ्या तरुण कबुतरांच्या तहानेचा मुद्दाम अभ्यास केला, तो याच कारणानं.

ढाबळीचा हिशेब मात्र वेगळा निघतो आणि मला तो आधी करायला हवा होता. चाळीस कबुतरांची उष्णता झाली फक्त ८० वॅट, एका जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. पण दहा चौरस मीटरच्या काळ्या छपरावर जुलैच्या दुपारी सहज सात-आठ किलोवॅट ऊन पडतं. त्यातला बराच भाग वाऱ्यानं आणि उत्सर्जनानं परत जातो, पण उरलेला दहावा हिस्सा जरी आत आला तरी तो सगळ्या पक्ष्यांच्या मिळून उष्णतेच्या नऊ-दहा पट आहे. मी दोन दिवस पाण्याची भांडी धूत होते. शत्रू डोक्यावर होता.

नागपूरचं कबुतर का हसतं?

मैत्रिणीच्या त्या हसण्याच्या बाहुल्यांचं उत्तर मला नंतर सापडलं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि तिथली कबुतरं टाकीच्या सावलीत बसून राहतात, मरत नाहीत. मग टिलबर्गची ३८ लाच का ढेपाळतात?

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले याकोब मार्डर यांनी वर्षानुवर्षं कबुतरांना हळूहळू उष्णतेची सवय लावून पाहिली. १९८८ मध्ये मार्डर आणि आरिएली यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष मला वाचूनही खरे वाटेनात: सवय झालेली कबुतरं कोरड्या हवेत ६० अंशांपर्यंतही शरीराचं तापमान सांभाळू शकत होती, आणि तेही धापा न टाकता! घामाच्या ग्रंथी नसल्या तरी त्यांच्या कातडीतूनच पाणी झिरपून वाफ होत होतं. म्हणजे कबुतराकडे दोन यंत्रणा आहेत. एक घाईची, धापा टाकण्याची, जी लगेच सुरू होते पण स्नायू वापरते आणि रक्ताचा समतोल बिघडवू शकते. दुसरी शांत, कातडीची, पण ती पूर्ण ताकदीनं चालायला शरीराला सवय व्हावी लागते. विदर्भातल्या कबुतराला मार्चपासून सराव मिळतो. इथे सोमवारी २५ अंश आणि गुरुवारी ४०. सरावाला वेळ कुठे आहे?

उडताना तिसरीच गंमत आहे. तेव्हा शरीर दहा पटीच्या आसपास उष्णता तयार करतं, पण समोरून वाराही मिळतो. क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात मार्टिनो आणि लारोशेल यांनी १९८८ मध्ये कबुतराच्या नुसत्या पायांची थंड करण्याची क्षमता मोजली आणि ती अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी निघाली. ते उघडे लाल पाय म्हणजे गाडीचा रेडिएटर. ही माहिती पुढे उपयोगी पडणार आहे.

आणि शेवटी आवाज

आता माझ्या पिंडाचा भाग. नळीतून वाहणारी हवा आवाज कधी करते?

प्रवाह संथ आणि सरळ असेल तर करत नाही. तो गोंधळला, भोवरे झाले, की करतो. हे कधी होईल हे ओळखायला आम्ही रेनॉल्ड्स अंक वापरतो. वेग गुणिले नळीची रुंदी, भागिले हवेची चिकटता, असं ढोबळमानानं म्हणता येईल. सरळ नळीत हा अंक दोन हजारांच्या आसपास गेला की गोंधळ सुरू होतो. कबुतराची श्वासनलिका चार मिलिमीटर रुंद धरून मी हिशेब केला. शांत श्वासात अंक दीडशेच्या आत येतो. धापा टाकताना हवेचा वेग पाचपट धरला तरी सहाशे-सातशे. दोन्ही दोन हजारांच्या बरेच खाली! म्हणजे निरोगी कबुतर कितीही तापलं, कितीही जोरात धापा टाकत असलं, तरी त्याची नळी गप्प राहते. कान अगदी जवळ नेला तर गळ्याच्या कातडीची हलकी फरफर ऐकू येईल, एवढंच. आजोबांनी रेनॉल्ड्सचं नाव ऐकलेलं नाही. पन्नास वर्षं ढाबळीत उभं राहून त्यांना उत्तर माहीत होतं.

आवाज येतो म्हणजे नळीत काहीतरी आहे. बहुतेकदा चिकट कफ. त्याचा पातळ पापुद्रा हवेच्या झोतात फडफडतो, बुडबुडे होतात आणि फुटतात. 'टक्' येतो तो असा. किंवा नळी कुठेतरी अरुंद झाली आहे, तिथे वेग वाढतो आणि शिट्टी किंवा सूं-सूं ऐकू येते. आवाजाच्या जातीवरून जागेचा थोडा अंदाज येतो. नाकाशी ओलसर सूं-सूं आणि शिंका असतील, चोचीवरची पांढरी भुकटीसारखी गाठ मळकट करडी दिसत असेल, डोळा पाणावला असेल, तर दुखणं वरच्या मार्गात. घशाशी घरघर आणि गिळताना मान ताणणं असेल तर चोच उघडून आत बघायला हवं. आणि आवाज फारसा नाही, पण प्रत्येक श्वासाला शेपटी पंपाच्या दांड्यासारखी हलतेय, तर दुखणं खोलवर, पिशव्यांपर्यंत गेलेलं असण्याची शक्यता मोठी. शेवटचं सगळ्यात वाईट.

(घुमण्याचा आवाज याहून वेगळा, हे मी आता झोपेतही सांगेन. तो श्वासनलिकेच्या तळाशी, ती दोन फाट्यांत विभागते तिथल्या स्वरयंत्रातून येतो. घुमताना गळा फुगतो, चोच मिटलेली असते, आणि त्याला चाल असते. आजाराच्या घरघरीला चाल नसते, ती श्वासाला बांधलेली असते. शिवाय आजारी पक्षी एकटा, पिसं फुलवून बसतो, त्याला कुणाला काही सांगायचं नसतं.)

कारणं अनेक: मायकोप्लाझ्मासारखे जंतू, विषाणू, दमट दाण्यातली किंवा खालच्या पेंढ्यातली बुरशी, आणि ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी. डच कबुतरवाले याला नुसतं 'हेट खेल' म्हणतात, म्हणजे 'पिवळं', कारण घशात पिवळा, चीझसारखा थर साचतो. बऱ्याच कबुतरांत तो असतो आणि काही करत नाही. आईबापांकडून पिल्लांना त्या गळ्यातल्या दुधाबरोबर मिळतो, आणि मोठ्यांना एकमेकांच्या पाण्याच्या भांड्यातून. आता आठवा, उन्हाळ्यात सगळी कबुतरं दिवसभर कुठे गर्दी करतात?

उष्णता आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी इथवर सांगितलं. पण एका ठिकाणी त्या भेटतात, आणि पक्षी मरतो तो बहुतेकदा तिथेच. नळीची रुंदी निम्मी झाली तर तेवढीच हवा ढकलायला सोळा पट दाब लागतो. हा प्वाझईचा जुना नियम आहे, रुंदीचा चौथा घात. शांत बसलेल्या पक्ष्याला ते कसंबसं झेपतं, म्हणून वसंतात कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ४० अंशांना त्याला सेकंदाला दहा वेळा हवा हलवायची असते आणि ते त्याला शक्यच नसतं. बाकीची एकोणचाळीस धापा टाकून तरतात. हे टाकूच शकत नाही. त्या निळ्या मादीच्या घर्र-टक् मध्ये मोठी फट होती, ती मिनिटाला जेमतेम पन्नास-साठ श्वास घेत होती. मला ती इतरांपेक्षा 'शांत' वाटली होती.

त्या संध्याकाळी

आजोबांनी फोनवर जे सांगितलं ते केलं. दोन्ही दारं सताड उघडली, छपरावर जुन्या चादरी टाकून बागेच्या नळीनं भिजवत राहिले. पाणी खोल भांड्यात ठेवलं. कबुतर कोंबडीसारखं घोट घेऊन मान वर करत नाही, चोच बुडवून एका दमात ओढून पितं, त्यामुळे उथळ बशी कामाची नाही. आंघोळीसाठी मोठा टब ठेवला. दोन पक्षी डोळे मिटून डुलत होते, त्यांचे पाय कोमट पाण्यात धरले (तो रेडिएटर!). बर्फाचं पाणी वापरायचं नाही, कारण कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. चोचीत पाणी ओतायचं तर अजिबातच नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, त्याला आपल्यासारखं झाकण नाही. मायेनं पाजलेलं पाणी सरळ छातीत जातं. तासाभरात गळे थांबले, चोची मिटल्या, आणि टबमध्ये भांडणं सुरू झाली.

निळीचा आवाज थांबला नाही. ती गार खोलीत, खोक्यात, आमच्या घरी आणली. चोच उघडून टॉर्च टाकला तर घशाच्या मागे पिवळा गोळा स्पष्ट दिसत होता. शुक्रवारी सकाळी आठला पक्ष्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. पहाटे पाचला खोका शांत झाला होता.

मी तरी दवाखान्यात गेले, निळी आणि तिचा जोडीदार दोघांना घेऊन. डॉक्टरांनी नराच्या घशातला थेंब काचेवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. पेअरच्या आकाराच्या पेशी, पुढे शेपट्या, वेड्यासारख्या गिरक्या घेणाऱ्या. नर बाहेरून ठणठणीत होता. सगळ्या ढाबळीला औषध दिलं. औषधाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मात्रा वजनावर ठरते, आणि घरातल्या कपाटातली माणसांची गोळी चुरून देण्याचे प्रकार होतात हे मला डॉक्टरांकडूनच कळलं.

तुमच्या बाल्कनीत एखादं कबुतर असं सापडलं तर नेदरलँड्समध्ये १४४ हा प्राण्यांसाठीचा क्रमांक आहे. तिथून प्राण्यांच्या रुग्णवाहिकेकडे जोडून देतात. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, दिल्लीत चांदणी चौकातलं जैनांचं पक्षी रुग्णालय. खोकं, सावली, हवेला भोकं, आणि कमीत कमी हाताळणी.

आणि हो, तुमच्या स्वतःच्या श्वासाचंही बघा. कबुतराच्या घरघरीमागे कधीकधी क्लॅमिडिया सिटॅसी हा जंतू असतो, तो माणसाला न्यूमोनिया देऊ शकतो. ताप-खोकला घेऊन हाउसआर्ट्सकडे गेलात तर "मी पक्षी हाताळते" हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. दुसरं, विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीची वर्षानुवर्षं सवय झालेल्यांच्या फुप्फुसांना कायमची सूज येऊ शकते. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला त्यात हा आजार बराच चर्चेत होता. त्या वादात शिरत नाही. पण खरवडताना धूळ आधी ओली करणं आणि मास्क लावणं याला कुणाचाच विरोध नसावा. आजोबा कित्येक वर्षं मास्क लावतात, सुतारकामातली सवय.

ते रविवारी परतले. मी मंगळवारचं सांगितलं, मी तो आवाज ऐकला होता आणि घुमणं समजले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी गेल्या महिन्यात ऐकला होता बहुतेक. रेडिओ चालू होता."

पुढच्या वसंतात त्यांनी छपराला पांढरा रंग दिला आणि पाण्याची भांडी एकाची चार केली. रेडिओ अजून आहे, पण संध्याकाळी साडेसातला ते तो बंद करतात आणि दहा मिनिटं अंधारात नुसते उभे राहतात. उन्हाळ्यात कधीकधी मीही कुंपणापलीकडून ऐकते.